अमावास्येची भरती

सूर्याभोवती फिरणाऱ्या असंख्य लघुग्रहांमध्ये एक वर्ग असा आहे, की ज्यातील प्रत्येकाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पूर्णपणे आत सामावलेली आहे. मध्यरात्री आपल्या माथ्यावर जे आकाश असते ते सूर्याच्या विरुद्ध बाजूचे. त्यामुळे त्या आकाशात या वर्गातील एकही पिंड कोणत्याही ऋतूत आणि कितीही मोठी दुर्बीण लावली तरी दिसणे संभवत नाही. हे पिंड आकाशात असतात ते मुख्यतः दिवसा, आणि दिवसाच्याच तेजात बुडालेले असतात. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा उगवण्यापूर्वी पूर्वेला, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, काही मिनिटांपुरती त्यांना गाठण्याची संधी मिळते, आणि तीही धूळ, बाष्प व संधिप्रकाश यांच्या दाट पडद्यातून.

यांपैकी पहिला निःसंशय पिंड ११ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात, सोकोरो येथून सापडला. पॉनी या मूळनिवासी जमातीच्या भूदेवीवरून त्याचे नाव अतिरा ठेवण्यात आले आणि पुढे सगळा वर्गच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. तो सुमारे पाच किलोमीटर रुंदीचा असून सूर्यप्रदक्षिणा २३३ दिवसांत पुरी करतो; २०१७ मध्ये रडारने त्याचा वेध घेतला तेव्हा त्याला स्वतःचा एक लहानसा उपग्रहही असल्याचे आढळले. ४ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरून झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या सर्वेक्षणाने त्याहून नवलाचा पिंड टिपला. त्याची कक्षा शुक्राच्याही कक्षेच्या आत आहे, त्याचे वर्ष १५१ दिवसांचे आहे, आणि पृथ्वीवरून पाहता तो सूर्यापासून ४१ अंशांच्या पलीकडे कधीच जात नाही. त्या पर्वताच्या परिसरात पूर्वापार राहत आलेल्या लोकांच्या भाषेतून त्याला शुक्रकन्या अशा अर्थाचे नाव दिले गेले. पृथ्वीच्या शेजारून जाणारे म्हणून नोंदले गेलेले लघुग्रह आज तीस हजारांहून अधिक आहेत. त्यांत या अंतर्वर्ती वर्गाचे शंभरही भरत नाहीत. ते मुळात किती विरळ आहेत आणि पाहण्याच्या अडचणीमुळे किती विरळ भासतात, हे दोन हिशेब वेगळे करणे फार कठीण आहे.

मला या तपशिलात गुंतवून ठेवले ते त्यामागच्या एका जुन्या प्रश्नाने. एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो? ईश्वर, पितर, परलोक, कर्माचे फळ, ज्या ज्या गोष्टींवर धर्माचा डोलारा उभा आहे त्या सर्व न दिसणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध जे बोलले जाते त्यातील बराचसा भाग या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर टेकलेला असतो, मग बोलणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न टाळला नाही. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत, असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. वस्तू अतिशय दूर असते, किंवा डोळ्यातल्या काजळासारखी अतिशय जवळ असते. इंद्रिय विकल असते, मन ठिकाणावर नसते. वस्तू सूक्ष्म असते, भिंतीसारख्या कशाच्या तरी आड असते. तिच्याहून प्रबळ असे काही तिला झाकून टाकते. किंवा सारख्याच वस्तूंच्या राशीत ती मिसळून जाते. यांतील सातव्या कारणाला अभिभव म्हणतात, आणि ते समजावताना गौडपाद व वाचस्पतिमिश्र या दोन्ही टीकाकारांनी दिलेले उदाहरण एकच आहे: दिवसा सूर्याच्या तेजाने झाकोळलेले ग्रह आणि नक्षत्रे. कोणत्याही दुर्बिणीच्या कित्येक शतके आधी, केवळ विचाराच्या बळावर, या लोकांनी ओळखले होते, की डोळ्यांपुढून वस्तू नाहीशी करण्याचे काम काळोख जितके करतो तितकेच प्रकाशही करतो. अतिरा वर्गाचे लघुग्रह हे अभिभवाचे इतके शुद्ध उदाहरण आहे, की वाचस्पतिमिश्रांना ते ठाऊक असते तर त्यांनी तेच दिले असते असे मला खात्रीने वाटते.

आपल्या पंचांगात हा विचार आजही नांदतो आहे. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार निकट आला की त्याचा अस्त झाला असे म्हणतात आणि त्या काळात लग्नमुंजीचे मुहूर्त काढीत नाहीत. सूर्यसिद्धान्तात प्रत्येक ग्रह सूर्यापासून किती कालांशांच्या आत आला म्हणजे लोपतो याचे कोष्टकच आहे: शुक्राला १०, गुरूला ११, बुधाला १४, शनीला १५, मंगळाला १७, आणि वक्री असताना शुक्राला ८ व बुधाला १२. मुहूर्ताचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी या कोष्टकातील प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. ग्रह दिसेनासा झाला म्हणून तो नष्ट झाला असे कोणी म्हटले नाही, आणि तो कोठे तरी आहेच, श्रद्धा ठेवा, असेही म्हणून सोडून दिले नाही. अमुक दिवशी मावळेल, अमुक दिवशी उगवेल, असे तारखेनिशी सांगून टाकले. सांगणारा चुकला तर ती चूक साऱ्या गावाला आकाशात दिसणार होती.

आता घणसोलीकडे वळतो, कारण हा प्रश्न मला पोथीतून जितका समजला त्याहून अधिक तो या गावाच्या पश्चिमेला पसरलेल्या खाडीने समजावला. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील हे आगरी-कोळ्यांचे गाव. पाठीशी पारसिकचा डोंगर, पुढे तिवरांची झाडी आणि तिच्यापलीकडे चिखलाचा विस्तीर्ण पट्टा. खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेली भातशेती आणि खाडीतली मासळी, या दोहोंवर गावाचा संसार शतकानुशतके चालला. १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी सरकारने संपादन केल्या, त्यांत या गावच्या जमिनीही गेल्या. सातबाऱ्यावरची नावे बदलली, जेथे रोपे लावली जात तेथे इमारती आल्या, आणि आज गावाच्या चोहोबाजूंनी रात्रभर इतका उजेड असतो, की आकाशातल्या मोठ्या ताऱ्यांखेरीज काही उमटत नाही. अभिभव केवळ सूर्यच करतो असे नाही. शहराच्या नकाशावर गावठाणाची हद्द एका बारीक रेषेने दाखवलेली असते, आणि तिच्या आत काय काय शिल्लक आहे हे त्या झगमगाटात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही.

जे शिल्लक आहे त्यात पाण्याचा हिशेब आहे. खाडीवर ज्यांचे वाडवडील जगले त्या घरांतील जुनी माणसे आजही भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, की पुऱ्या भरतीचा तास निघतो: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पाणी भरते, चतुर्थीला तीनला, आणि अमावास्येला व पौर्णिमेला दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास. अष्टमीच्या भरतीला जोर नसतो, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमेला आणि आवसेला उधाण येते, आणि खरा जोर त्यानंतरच्या एकदोन दिवसांत चढतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचे पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते. शेती होती त्या काळी हेच दिवस बांधाच्या राखणीचे असत, कारण उधाणाच्या रेट्याने एकदा का बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरून पुढची कित्येक पिके हातची जात.

यातील पौर्णिमेचे उधाण समजायला सोपे आहे. आकाशात भरलेला चंद्र असतो आणि खाडीत भरलेले पाणी. विचार करायला लावते ते आवसेचे. त्या दिवशी चंद्र आकाशात कोठेही दिसत नाही. तो असतो सूर्याच्या शेजारी, त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबर मावळतो. त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे पाठ करून असते आणि उरलेली काळी बाजू सूर्याच्या प्रखर तेजात लोपते. म्हणजे त्या एका दिवसापुरता आपला चंद्र या अंतर्वर्ती लघुग्रहांच्याच दिशेला, त्यांच्याच उजेडाआड जाऊन बसलेला असतो. आणि नेमक्या त्याच दिवशी, सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढत असल्यामुळे, खाडी फुगून तिवरांच्या मुळांवर, त्यांच्या वर डोकावणाऱ्या श्वसनमुळांच्या टोकांवर, मग खोडांवर चढत जाते. ज्या चिखलावर सकाळी निवट्या उड्या मारीत होत्या तेथे दुपारी होडी तरंगते. डोळ्याला चंद्र नाही, पाण्याला आहे. खाडीवरच्या माणसाने हे अनुमान कोणत्याही न्यायशास्त्राच्या पाठशाळेत शिकले नव्हते, परंतु कार्यावरून कारण ओळखण्याचे याहून निर्दोष उदाहरण मला ठाऊक नाही, कारण त्याची सत्यता दोनच दिवसांत, द्वितीयेच्या कोरीच्या रूपाने, पश्चिमेला उघड दिसते.

याच अमावास्येला आपल्या धर्माने पितरांसाठी राखून ठेवले आहे. भाद्रपदातल्या सर्वपित्रीला घराघरांत पान वाढले जाते आणि कावळ्याची वाट पाहिली जाते. न दिसणाऱ्या चंद्राच्या दिवशी न दिसणाऱ्या पितरांना अन्न देण्याची ही योजना कोणाला निव्वळ काळोखाच्या भीतीतून आलेली वाटेल. पण भास्कराचार्यांनी, म्हणजे १११४ मध्ये जन्मलेल्या आणि ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे त्या गणितज्ञाने, सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात तिची संगती अशी लावली आहे, की पितर चंद्राच्या वरच्या, म्हणजे आपल्याकडून पलीकडच्या, पृष्ठभागावर राहतात असे मानले तर अमावास्येला सूर्य त्यांच्या बरोबर माथ्यावर असतो. आपल्याला जी काळोखी तिथी, ती त्यांची भर दुपार, आणि जेवणाची वेळ दुपारचीच. पितर तेथे राहतात किंवा नाही हा भास्कराचार्यांचा प्रश्न नव्हता. ती समजूत स्मृतीकडून आली होती आणि त्यांनी ती स्वीकारली. भूमिती मात्र त्यांची स्वतःची होती आणि ती अक्षरशः खरी आहे. अमावास्येला चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर खरोखरच मध्यान्ह असते. एकाच वाक्यात एक भाग कसोटीला उतरणारा आणि दुसरा कसोटीच्या पलीकडचा, असे हे मिश्रण आहे, आणि धर्मविषयक बहुतेक विधाने अशाच मिश्रणाची असतात. त्यातील पहिला भाग खरा निघाला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरतो, अशी जी समजूत आजकाल प्राचीन ज्ञानाच्या अभिमानाने पसरवली जाते, ती मला भास्कराचार्यांवरच अन्याय करणारी वाटते.

घणसोलीच्या किनाऱ्यावर उभे राहून थेट पश्चिमेकडे पाहिले, तर खाडीच्या पलीकडे कांजूरमार्ग आणि त्याच्या मागे पवई येते. संपातदिनी सूर्य मावळतो तो साधारण त्याच दिशेला. पवईच्या आयआयटी मुंबईतील कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा हे विद्यार्थी पालोमारच्या त्याच झ्विकी सर्वेक्षणाच्या प्रतिमा तपासण्याच्या कामात सहभागी होते. १६ ऑगस्ट २०२० रोजी, अमावास्या तीन दिवसांवर असताना, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर थोड्याच वेळात, तीन ते सहा मीटर आकाराचा एक लघुग्रह हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. पृथ्वीवर न आदळता इतक्या जवळून गेलेला पिंड तोपर्यंत नोंदला गेला नव्हता. त्याची कक्षा अतिरा वर्गातील नव्हे, ती पृथ्वीची कक्षा छेदणारी. परंतु तो आला सूर्याच्या दिशेने, आणि म्हणून येताना कोणालाही दिसला नाही. तो निघून गेल्यावर सुमारे सहा तासांनी पालोमारच्या प्रतिमेत एक रेघ उमटली, आणि ती ओळखणाऱ्यांत हे विद्यार्थी होते. आकार लहान असल्यामुळे तो आदळता तरी वातावरणातच विरघळला असता. २०१३ च्या १५ फेब्रुवारीला रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला पिंड मात्र सुमारे वीस मीटरचा होता. तोही सूर्याच्याच बाजूने आला आणि त्याच्या धक्क्याने फुटलेल्या काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. त्या दिवसाच्या सकाळपर्यंत जगातील सर्व वेधशाळांच्या दप्तरी त्याच्याविषयी एकच नोंद असू शकत होती: काही आढळले नाही.

ही नोंद खोटी नव्हती, पण अपुरी होती. आपल्याकडे पंचनामा लिहिताना जागा कोणती, वेळ कोणती, उजेड कसा होता, कोण हजर होते, हे सर्व नमूद केल्याशिवाय त्यातील काही आढळून आले नाही या वाक्याला कचेरीत किंमत नसते. आणि तत्त्वज्ञानातही ती असू नये. कुमारिल भट्टांच्या संप्रदायाने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, म्हणजे न दिसण्यातूनही खरे ज्ञान होते असे म्हटले, पण तसे म्हणताना अट घातली की वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी सर्व सामग्री हजर असली पाहिजे. उजेड असलेल्या खोलीत निरोगी डोळ्यांनी पाहून येथे घट नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तेच विधान करता येत नाही. या अटीला योग्यता म्हणतात, आणि मला वाटते, धर्माविषयीच्या आजच्या वादांत जितका आरडाओरडा आहे त्यातील निम्मा या एका अटीच्या विस्मरणातून निर्माण झाला आहे.

दहाव्या शतकात मिथिलेतील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हीच अट ईश्वराच्या बाजूने वापरली. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणाऱ्या चार्वाकाला त्यांचे उत्तर असे, की जे दिसण्याजोगेच नाही त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाही. आणि केवळ न दिसण्यालाच प्रमाण मानायचे, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसेनाशी झाली म्हणून छाती पिटून रडायला हवे आणि घरी परत फिरताच कामा नये. उत्तर मार्मिक आहे, आणि निरीश्वरवाद्याने ते पुरतेपणी मनावर घ्यावे असेच आहे. मी सर्वत्र पाहिले, ईश्वर कोठेही नाही, असे सांगणाऱ्याला विचारले पाहिजे: आपण कोणत्या आकाशात पाहिलेत? मध्यरात्रीच्या माथ्यावरच्या आकाशात आयुष्यभर शोधून अतिराचा एकही बांधव सापडणार नाही, आणि तरीही ते सर्व आपापल्या वाटेने फिरतच राहतील.

तथापि उदयनाचार्यांच्या युक्तिवादात एक धोका आहे, आणि तो दाखवून देणारा इतिहास याच सूर्यासन्न प्रदेशात घडला. युरेनसच्या गतीतील अनियमिततेवरून अर्बें ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने एका अज्ञात ग्रहाचे स्थान काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. त्याच माणसाने १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतील एका सूक्ष्म विसंगतीवरून, बुधाच्याही आत आणखी एक ग्रह असला पाहिजे, असे त्याच पद्धतीने अनुमान केले. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले. एका फ्रेंच ग्रामवैद्याने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याची साक्षही दिली. तो एरवी का दिसत नाही, याचे उत्तर तयारच होते: सूर्याच्या तेजाने झाकला आहे. म्हणून ज्या खग्रास ग्रहणांत ते तेज काही मिनिटे आवरले जाते, त्या ग्रहणांत अर्धे शतक त्याचा शोध चालला. व्हल्कन कधीच सापडला नाही, कारण तो नव्हता. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले, की शतकाला ४३ विकलांची ती विसंगती सूर्याजवळच्या अवकाशाच्या वक्रतेतून निघते, कोणत्याही ग्रहाची गरज लागत नाही. आणि ज्या प्रदेशात व्हल्कन कल्पिला होता, तेथपर्यंत आत शिरणारा एक खराखुरा पिंड १३ ऑगस्ट २०२१ रोजी चिलीतील दुर्बिणीने गाठला. एक किलोमीटरभर रुंदीचा, ११३ दिवसांत फेरी मारणारा, आणि आइन्स्टाइनने सांगितलेला तोच परिणाम बुधाहूनही अधिक, शतकाला सुमारे एक कला, दाखवणारा.

नेपच्यून आणि व्हल्कन यांच्या मागचे अनुमान एकाच जातीचे, करणारा एकच, गणितही तितकेच काटेकोर. एक खरे ठरले आणि दुसरे खोटे. त्यांच्यातील फरक अनुमानाच्या आत शोधून सापडत नाही. तो सापडतो तो नंतरच्या प्रत्यक्षात, आणि अनुमान करणाऱ्याने प्रत्यक्षाला वाव ठेवला होता की नाही यात. ल व्हेरिएच्या बाजूने एवढे नक्की म्हणावे लागेल, की त्याने वाव ठेवला होता. व्हल्कन अमुक काळात सूर्यबिंबावर यावा, ग्रहणात अमुक अंतरात दिसावा, असे सांगितले जात होते, म्हणूनच त्याचा निकाल लागू शकला. श्रद्धावानांच्या पुष्कळशा युक्तिवादांत मला हीच उणीव जाणवते. ईश्वर सूक्ष्म आहे म्हणून दिसत नाही. साधना अपुरी आहे म्हणून दिसत नाही. कलियुग आहे म्हणून दिसत नाही. अशी सांख्यांच्या आठही कारणांची ढाल पुढे केली जाते, पण कोणत्या परिस्थितीत तो दिसेल, आणि त्या परिस्थितीत दिसला नाही तर आम्ही दावा मागे घेऊ, हे वाक्य मात्र कोणी उच्चारीत नाही. पंचांगकर्त्याने शुक्राच्या उदयाची तारीख दिली होती. खाडीवरच्या माणसाने अमावास्येच्या पाण्याची वेळ दिली होती. धर्माचा वकील तारीख द्यायला तयार नसतो, आणि त्याच्या अशिलाच्या मोठेपणाला हे शोभत नाही असे मला मनापासून वाटते.

यावर कोणी म्हणेल, की ईश्वराचीही एक भरती आहे: संतांच्या अंतःकरणात आलेले करुणेचे उधाण, सामान्य माणसाच्या हातून एखाद्या क्षणी घडून जाणारा निःस्वार्थ त्याग, पंढरीच्या वाटेवर लाखोंना चालवणारी ओढ. मी ही साक्ष क्षुल्लक मानीत नाही. घणसोलीसारख्या गावांत हरिनामाच्या सप्ताहात ज्यांनी रात्रीचा पहारा धरला आहे, त्यांना ठाऊक आहे, की तिसऱ्या प्रहरी आवाज थकलेले असताना टाळांच्या लयीत काहीतरी असे भरते, की जे त्या पंधरावीस थकलेल्या माणसांच्या बेरजेत बसत नाही. पण बुधाची विसंगतीही खरीच होती. ती कोणी कल्पिली नव्हती, मोजली होती. आणि तरीही तिचे कारण ग्रह नव्हता, अवकाशाचा स्वभाव होता. माणसाच्या अंतःकरणात चढणारे हे उधाणही बाहेरच्या कोणा चंद्राने ओढलेले आहे, की मानवी स्वभावाच्याच घडणीत आहे, हे केवळ उधाणाकडे पाहून ठरत नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या अडचणीवर जो उपाय शोधला तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे. जेथे सामग्री अपुरी होती तेथे त्यांनी ती निर्माण केली. मोठ्या दुर्बिणी रात्रीच्या मुख्य कामाला लागण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या, एरवी वाया जाणाऱ्या संधिकालातील वीसपंचवीस मिनिटे त्यांनी या शोधाला वाहिली. आणि आता अमेरिकेने २०२७ च्या सुमारास अवकाशात सोडण्यासाठी एक दुर्बीण योजली आहे, जी स्वतःवर सावली धरून, सूर्यापासून ४५ अंशांपर्यंतच्या भागात, उष्णतेच्या किरणांनी हे पिंड हुडकील. पाहण्याची योग्यता वाढवणे, हा मार्ग धर्मालाही अपरिचित नाही. योग, ध्यान, नामस्मरण, उपवास, एकांत या सर्वांच्या मुळाशी हाच दावा आहे, की द्रष्ट्याची तयारी झाली म्हणजे जे झाकले गेले आहे ते प्रकटते. आपल्या अहंतेचा झगमगाट मावळला म्हणजे त्याच्याआडचे दिसू लागते. निरीश्वरवाद्याने हा दावा हसण्यावारी नेऊ नये, कारण ज्याने ती सामग्री कधी जुळवलीच नाही त्याचे नाही हे अंधाऱ्या खोलीतले नाही आहे.

मात्र ज्यांनी ती जुळवली त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहणे आपल्या हाती आहे, आणि ताडल्यावर त्या जुळत नाहीत. तुकारामांना विठ्ठल भेटला, आणि तो सगुण, सावळा, समचरण असा भेटला. गौतम बुद्धांनी कोणाहूनही कमी तपश्चर्या केली नाही, आणि त्यांना सृष्टिकर्ता ईश्वर आढळला नाही. सांख्यांना पुरुष आणि प्रकृती आढळल्या, तिसरा कोणी नाही. वर्धमान महावीरांना अनंत जीव आढळले, त्यांचा नियंता नाही. ज्या कुमारिलांनी अनुपलब्धीचे प्रमाण इतक्या काळजीने घडवले, त्यांनीच वेदावरची निष्ठा तसूभरही ढळू न देता जगाचा कर्ता मानण्याचे कारण नाही असे श्लोकवार्तिकात प्रतिपादले, आणि यज्ञ मात्र करायचेच असे सांगितले. या सर्व साक्षीदारांच्या शीलाविषयी शंका घेण्यास जागा नाही. एका मुद्द्यावर त्यांचे मोठ्या अंशी एकमत आहे: मीपणा ओसरला आणि इतरांचे दुःख अधिक जवळून दिसू लागले. तेवढ्यापुरती मी त्यांची साक्ष ग्राह्य धरतो, कारण तिला पूर्व आणि पश्चिम, सेश्वर आणि निरीश्वर, सगळीकडून दुजोरा मिळतो. त्यापलीकडे, ते जे दिसले ते बाहेर कोणी होते की नाही, यावर त्यांच्यात जो मतभेद आहे तो मिटवण्याचे साधन माझ्यापाशी नाही, आणि कोणापाशी आहे असे मी पाहिलेले नाही.

सर्वपित्रीला मी पान वाढतो, आणि वाढताना भास्कराचार्यांची ती भूमिती मनाशी आठवतो, कारण ती खरी आहे. ज्यांच्यासाठी वाढतो त्यांनी हे बांध घातले आणि राखले, हेही खरे आहे. ते आज चंद्राच्या पलीकडच्या दुपारी जेवायला बसले आहेत की काय, या मुद्द्यावर मी आस्तिकाला होकार देत नाही आणि नास्तिकाला नकारही देत नाही. हा दावा मी माझ्या दप्तरी निकालाविना ठेवला आहे, आणि पान वाढल्याने तो कोणत्याही पक्षाच्या बाजूने निकालात निघतो असे मानण्यास मी तयार नाही.